पुलापलीकडची अकरा घरं

सुनंदाताई रागीट होत्या. अशा माणसाबद्दल लिहिताना लोक लगेच पुढे जोडतात, की वरून कडक, पण आतून फार मऊ. मी तसं लिहिणार नाही. त्या आतूनही रागीटच होत्या आणि त्या रागाला कारण होतं. ज्यांना तो सोसावा लागला त्यांच्यातली मी एक आहे. माझ्या बाबतीतही तो रास्तच होता.

लागेवोल्ड ही नेदरलँड्सच्या उत्तरेकडची एक खेडवळ नगरपालिका. इथले लोक तिला खेमेन्ते म्हणतात आणि चार महिन्यांत आपणही म्हणायला लागतो. नऊ गावं, त्यांच्या मधोमध बटाट्याची आणि बीटाची सपाट शेतं, पट्टीने आखल्यासारखे कालवे आणि सगळ्याच्या शेवटी समुद्राला थोपवून धरणारा उंच बांध. बांधावर मेंढ्या चरतात. हा सगळा प्रदेश एके काळी पाण्याखाली होता. माणसांनी तो उपसून कोरडा केला. आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीनहून इथल्या क्रोमडीप नावाच्या गावात आलो, कारण माझ्या नवऱ्याला, अभिजितला, पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरी लागली. अ‍ॅमस्टेलव्हीनला मेथीची जुडी मिळायची, ट्राममध्ये कानावर मराठी पडायचं. क्रोमडीपमध्ये एक चर्च, एक शाळा, बंद पडलेलं एक दुकान आणि एक बसथांबा होता. मला गाडी येत नव्हती, त्यामुळे माझं सगळं जग त्या बसथांब्यापाशी सुरू व्हायचं.

बस म्हणजे आठ सीटची पांढरी व्हॅन. मोठ्या बसला या गावांत फिरणं परवडत नाही, म्हणून गावातल्याच लोकांची एक संस्था ती चालवते. ड्रायव्हर सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त पुरुष. तासाला एक फेरी. डच शिकवणारा वर्ग, दवाखाना, स्टेशन, सगळं तालुक्यासारख्या एका शहरात होतं आणि तिथे जायला हाच मार्ग.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले तेव्हा स्टिअरिंगवर एक बाई होत्या. पुरुषी मापाचा निळा रेनकोट, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मराठी का?"

मी उडालेच. "तुम्हाला कसं कळलं?"

"कालपासून थांब्यावर उभी राहून फोनवर आईशी भांडून राहिली तू. अख्ख्या क्रोमडीपनं ऐकलं. समजलं फक्त मले." आणि मग दरवाजा बंद करत, "पट्टा लाव. लावल्याशिवाय गाडी हलत नाही माझी."

सुनंदाताई भंडारा जिल्ह्यातल्या. तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. नवरा मिलिंद बटाट्याच्या बियाण्यांवर संशोधन करायला इकडे आला आणि त्या नोकरी सोडून त्याच्या मागे आल्या. इथे त्यांच्या पदवीचं कुणाला काही करता येईना. दोन वर्षं घरात काढल्यावर त्यांनी गाडीचा परवाना घेतला आणि बसच्या संस्थेत नाव दिलं. "चाळीस पोरं सांभाळत होते, आठ म्हातारे काय जड आहेत," असं त्या म्हणायच्या.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत एकच गोष्ट भिंतीवर होती: संविधानाची उद्देशिका, मराठीत, चौकटीत. येणारा प्रत्येक डच माणूस विचारायचा, हे काय लिहिलंय. ताई एकेक ओळ करून समजावून सांगायच्या आणि शेवटी न चुकता विचारायच्या, "तुमची कुठे लावली आहे?" पाहुणा कॉफीकडे बघायचा.

बसमध्ये त्या हजेरी घ्यायच्या. खरीखुरी हजेरी. माणूस चढला की नाव पुकारायच्या आणि त्याने मोठ्याने "हियर!" म्हणायचं. ऐंशीच्या घरातली माणसं शाळेतल्या पोरांसारखी ओरडायची. मला पहिल्यांदा तो पोरखेळ वाटला. मग एकदा हेन्ड्रिक नावाचा म्हातारा शेतकरी एका मंगळवारी आला नाही, तेव्हा ताई फेरी संपल्यावर त्याच्या घरी गेल्या. तो स्वयंपाकघरात घसरून पडला होता, सकाळपासून तसाच. त्यानंतर हजेरीला कुणी हसलं नाही.

उतारू घरात जाऊन दार लागेपर्यंत बस हलायची नाही. वेळापत्रकापेक्षा त्या नेहमी चार मिनिटं मागे असत. संस्थेचे अध्यक्ष, हसतमुख आणि स्वच्छ दाढी केलेले निवृत्त बँकवाले, त्यांना दर महिन्याला त्याबद्दल बोलायचे. ताई म्हणायच्या, "लेखी द्या." कोणी काहीही नाकारलं, टोकलं, उद्यावर ढकललं की हे दोन शब्द. डचमध्ये, नागपुरी हेल काढून. लेखी मिळालं की ते बसच्या खणातल्या फायलीत जायचं. फाईल वर्गातल्या पटासारखी जाड झाली होती.

मग लागेवोल्ड शेजारच्या दोन खेमेन्त्यांबरोबर एकत्र झाली. आमचं खेमेन्तेचं ऑफिस बंद झालं. तिथे खिडकीमागे एक बाई बसायची, तिला सगळ्यांची नावं ठाऊक होती. आता नवं ऑफिस दोन बस बदलून जायच्या अंतरावर. काचेची इमारत, दारात यंत्र, वेळ आधी घेतलेली असेल तरच आत. वेळ घ्यायची ती इंटरनेटवर.

"ऑफिस दूर गेलं ना, की माणसाचा रागसुद्धा तिथपर्यंत पोचत नाही," ताई म्हणाल्या. "थकून जातो रस्त्यात. म्हणूनच नेतात दूर."

त्याच हिवाळ्यात पूल बंद झाला.

क्रोमडीपच्या पुढे मोठा कालवा आहे. त्याच्यावर पंधरा-वीस पावलांचा जुना पूल, आणि पुलापलीकडे दीड किलोमीटरवर, बांधाच्या पायथ्याशी, डाइकहूक नावाची वस्ती. अकरा घरं. त्यांतली चार सुट्टीत येणाऱ्या शहरी लोकांची, बाकीची म्हाताऱ्या माणसांची. आमच्या बसचा तो शेवटचा थांबा. एका सोमवारी पुलाच्या तोंडाशी लाल-पांढरा अडसर आला, त्याला कुलूप, आणि पाटी: गाड्यांना बंदी. सायकलवाले आणि पायी जाणारे कडेने जाऊ शकत होते. गाडीला बांधावरून चौदा किलोमीटरचा वळसा. बसचा डाइकहूकचा थांबा त्याच दिवशी रद्द झाला.

ताईंनी पत्रं लिहायला सुरुवात केली. खेमेन्तेने कळवलं की पूल आमचा, पण बसचा मार्ग ठरवतो प्रांत. प्रांताने कळवलं की मार्ग आमचा, पण पूल बंद म्हटल्यावर आम्ही काय करणार. पुलाचे खांब पाण्यात उभे, म्हणून पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाला विचारा असं दोघांनीही सुचवलं. मंडळाने दोन महिन्यांनी उत्तर दिलं की पाणी व्यवस्थित वाहत आहे.

ती तिन्ही पत्रं त्यांनी मला बसमध्ये वाचायला दिली. आम्ही अडसरापाशीच थांबलो होतो, कारण वेळापत्रकात आता तिथे वळायला तीन मिनिटं दिली होती.

"पाहून राहिली ना? पूल खेमेन्तेचा. पुलाखालचं पाणी मंडळाचं. पुलावरची बस प्रांताची. अन् पलीकडची माणसं?"

मी पत्रं घडी करून त्यांना परत दिली.

"समुद्र हटवला यांनी, प्राजक्ता. समुद्र! अन् वीस पावलांचा पूल दुरुस्त होत नाही म्हणतात."

त्यांनी पुलाच्या तपासणीचा अहवाल मागवला. तो मिळायला उन्हाळा उजाडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की बीट वाहणारे जड ट्रॅक्टर पुलाला सोसत नाहीत, छोटी वाहनं चालतील. पण कोणतं वाहन जड आणि कोणतं छोटं, यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. अडसराला लागत नाही. म्हणून अडसर. अहवालातली ती ओळ त्यांनी लाल शाईने अधोरेखित केली, इतकी दाबून की कागद फाटला.

पूल बंद होऊन तीन-चार महिने झाल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की हजेरीत त्रीन्चेचं नाव कित्येक दिवसांत आलं नाही. त्रीन्चे चौऱ्याऐंशीची, डाइकहूकच्या शेवटच्या घरात एकटी. पूल बंद झाल्यावर सुरुवातीला ती दीड किलोमीटर चालत अडसरापर्यंत यायची. मग यायची थांबली. ताईंनी फोन केला तर म्हणाली, सगळं छान आहे. या लोकांचं सगळं नेहमी छान असतं.

त्या रविवारी ताई मला घेऊन चालत तिच्याकडे गेल्या. वारा समोरून असा, की बोलता येत नव्हतं. त्रीन्चेने दार उघडलं, ताईंच्या तोंडाकडे न बघता जरा बाजूला बघितलं, आणि हसली. आत गेल्यावर तिने कॉफी ओतली. ती कपाच्या बाहेर, बशीत पडत होती. तिला कळलं नाही.

टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता. काही फोडलेली, बरीच न फोडलेली. ताईंनी विचारून ती वाचली. त्रीन्चेला डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागायचं. नाही घेतलं तर नजरेचा मधला भाग जातो आणि गेलेला परत येत नाही. ती बसनेच जायची. बस गेल्यावर हॉस्पिटलची पत्रं आली: आपण आला नाहीत, कृपया नवी वेळ घ्या. खेमेन्तेचीही होती. म्हाताऱ्यांसाठी खेमेन्तेची टॅक्सी असते, तिच्यासाठी त्रीन्चेने कुणाच्या तरी सांगण्यावरून फोन केला होता. खेमेन्तेने अर्ज पाठवला. सात पानं, बारीक अक्षरात. मग स्मरणपत्र, तेही बारीक अक्षरात. मग शेवटचं: आपण मुदतीत उत्तर न दिल्यामुळे आपली विनंती निकाली काढण्यात आली आहे.

डोळे जाणाऱ्या बाईला त्यांनी ते वाचायला पाठवलं होतं.

"शेजाऱ्यांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "त्यांच्याकडे गाड्या आहेत."

"कुणाला त्रास कशाला," त्रीन्चे म्हणाली.

ताई एकदम उठून बाहेर गेल्या. मी मागे गेले तेव्हा त्या बांधाच्या फाटकाशी उभ्या होत्या. मला वाटलं रडत असतील. रडत नव्हत्या.

"आमच्या गावात डांबर यायचं," त्या म्हणाल्या, "ते आमच्या वस्तीच्या अलीकडे संपायचं. दर वेळी. माझ्या बापानं नऊ वर्षं अर्ज केले. मी पोरांना शिकवायचे, नागरिकानं अर्ज करावा, शासन उत्तर देते. मले वाटायचं आपल्याकडेच बिघडलं आहे, पुस्तकातलं कुठंतरी असंल." जरा थांबून म्हणाल्या, "कुठंच नाही ना वं."

एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसरा वाचण्यासारखा होता. ताईंनी टॅक्सीचा अर्ज पुन्हा भरला, हॉस्पिटलची नवी वेळ घेतली, पुढची दोन इंजेक्शनं मिलिंदच्या गाडीतून बांधावरून वळसा घालून करवली. आणि खेमेन्तेच्या सभेत बोलण्यासाठी नाव दिलं.

सभेत सामान्य माणसाला पाच मिनिटं मिळतात. सभागृह नवं कोरं, गालिचा जाड. वर बसलेले महापौर. इथला महापौर लोक निवडून देत नाहीत, तो वरून नेमला जातो. ताईंना हे कळलं तेव्हा त्या आठवडाभर ज्याला त्याला सांगत होत्या, "आमच्या सरपंचाले तरी मतं मागावी लागतात." बाजूला पुलांचं आणि वाहतुकीचं खातं सांभाळणारे सभासद, पन्नाशीचे, चष्म्याची फ्रेम हिरवी.

ताईंनी भाषण लिहून आणलं नव्हतं. त्यांनी त्रीन्चेला आलेलं पत्र आणलं होतं. त्या सरळ हिरव्या चष्म्यापाशी गेल्या आणि पत्र त्याच्यासमोर ठेवलं.

"चष्मा काढा आणि वाचा."

तो हसला. सभागृहात दोघं-तिघं हसले.

"मी थट्टा करत नाहीये. तुमच्या ऑफिसने हे एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला पाठवलं. चष्मा काढा. पहिलं वाक्य वाचा. माझ्याकडे चार मिनिटं आहेत, मी थांबते."

त्याने महापौरांकडे पाहिलं. महापौर म्हणाले, मॅडम, कृपया सभेला उद्देशून बोला. ताई हलल्या नाहीत. त्या खरोखरच थांबल्या. मी मागच्या रांगेत बसले होते. कुणीतरी खोकलं, कुणीतरी टॅब्लेटवर बोट फिरवलं. तो माणूस पत्राकडे बघत राहिला, चष्मा लावूनच. पाच मिनिटं झाल्यावर घंटा वाजली.

"आपल्या मुद्द्यासाठी आभार," महापौर म्हणाले. "आम्ही तो सोबत घेऊन जातो." इथे असंच म्हणतात, काही करायचं नसलं की.

"कुठे घेऊन जाता?" ताईंनी विचारलं.

त्यावर मात्र सगळे हसले. मोकळं झाल्यासारखे हसले. मी आजही ते हसू विसरलेले नाही. त्यात वाईट माणूस एकही नव्हता. सगळे घरी जाऊन मुलांना गोष्टी सांगणारे.

शरद ऋतूत तो दिवस आला. बीटाची काढणी चालू होती, रस्त्यांवर चिखल. सकाळची फेरी, बसमध्ये मी, हेन्ड्रिक आणि स्टेशनवर उतरणारा एक परका प्रवासी. आम्ही अडसरापाशी वळायला थांबलो आणि ताईंचा फोन वाजला. त्रीन्चे. तिला अकराची वेळ होती, खेमेन्तेची टॅक्सी शेवटी मंजूर झाली होती, आणि ती आली नव्हती. नंतर कळलं ते असं: टॅक्सीवाल्याला नकाशाने पुलावरचा रस्ता दाखवला, तो अडसरापाशी दहा मिनिटं थांबला, आणि 'प्रवासी जागेवर नाही' अशी नोंद करून निघून गेला.

ताईंनी घड्याळ पाहिलं. मिलिंद परगावी होता. बांधावरून वळसा घेतला तर वेळ टळणार.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि मागे वळल्या. "सगळ्यांनी उतरा. थांब्यावर उभे राहा." परक्या प्रवाशाने कटकट केली; त्याच्यासाठी त्यांनी इंग्रजीत पुन्हा सांगितलं. मग हेन्ड्रिकला म्हणाल्या, "चावी."

लागेवोल्डमधल्या सगळ्या अडसरांना एकच चावी चालते. हेन्ड्रिक पूर्वी हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकायचं काम करायचा, त्याच्याकडे ती राहून गेली होती. त्याने उतरून कुलूप काढलं. ताईंनी मला पुलापलीकडे चालत जायला सांगितलं, मग रिकामी बस पुलावरून नेली. पुलाला काही झालं नाही. सात-आठ मिनिटांत त्या त्रीन्चेला घेऊन परत आल्या, पुलाच्या त्या बाजूच्या तोंडाशी, मी उभी होते तिथे, थांबल्या आणि तिला खाली उतरवलं.

"हिचा हात धर. तू हिला चालत आण. पूल सोसतो हे मला माहीत आहे, पण माणूस आत बसवून मी नेणार नाही."

मी त्रीन्चेचा हात धरला. तिच्या हातमोज्यातली बोटं थंडीने ताठरली होती. ती एकेक पाऊल मोजत टाकत होती. आमच्या मागून रिकामी बस हळू आली. अलीकडे पोचल्यावर आम्ही सगळे चढलो, ताईंनी हजेरी घेतली, त्रीन्चे "हियर!" ओरडली, आणि ती वेळेत पोचली. डोळा राहिला. आजही तो काम देतो, असं ऐकते.

सुट्टीच्या घरातल्या कुणीतरी फोटो काढला होता. बंद पुलावर बस. काचेतून सीटच्या पाठी दिसत होत्या आणि त्या माणसांच्या डोक्यांसारख्या वाटत होत्या. गावाच्या ग्रुपवर तो संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेला. खेमेन्तेने संस्थेला विचारलं. संस्थेच्या अध्यक्षांनी चौकशी लावली. अडसर उघडला, याबद्दल दंड भरायची ताईंची तयारी होती. आरोप वेगळाच झाला: प्रवासी आत बसलेले असताना बस धोक्याच्या पुलावर नेली.

परका प्रवासी सापडला नाही. त्रीन्चेने सांगितलं, पण तिला दिसत नाही म्हणून ते जमेस धरलं नाही. हेन्ड्रिकने लेखी दिलं, पण त्याचं खेमेन्तेशी जुनं भांडण, शिवाय चावी त्याची. उरले मी.

त्याच सुमारास माझा डच नागरिकत्वाचा अर्ज त्याच काचेच्या इमारतीत पडलेला होता. अभिजित म्हणाला, कशाला उगीच नाव यायला देतेस. तो एवढंच म्हणाला; बाकीचं मीच केलं. अध्यक्ष घरी आले, केक आणला, हसून विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? मी म्हटलं, माझं लक्ष फोनमध्ये होतं. नक्की आठवत नाही.

त्रीन्चेची बोटं ज्या हातात होती त्याच हाताने मी त्यांना केक कापून दिला.

ताईंना संस्थेने काढून टाकलं. पत्रासोबत इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल फुलांचा गुच्छ पाठवला. ताईंनी तो बांधावर नेऊन मेंढ्यांपुढे टाकला. मेंढ्यांनी ट्यूलिप खाल्ले, बाकीचं ठेवलं.

मी त्यांना भेटायला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा केला, माझ्यासमोर ठेवला.

"मी तुला खोटं बोलायला सांगितलं होतं का?"

"नाही, ताई."

"माझ्यासाठी बोलायला सांगितलं होतं?"

"नाही."

"जे झालं तेवढंच सांगायचं होतं. तुझ्या डोळ्यादेखत झालं. तुझ्या डोळ्यांना काय झालं आहे?"

मी अर्जाबद्दल सांगितलं. घाबरले होते असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, हे मला सगळ्यांत जड गेलं. सभेत चढलेला, अध्यक्षांवर चढलेला आवाज त्यांनी माझ्यावर वाया घालवला नाही.

"नागरिक व्हायचं आहे तुले," त्या म्हणाल्या. "हो मग. चहा पी, थंडा होऊन राहिला."

वसंत ऋतूत मला नागरिकत्व मिळालं. समारंभात महापौरांनी हात मिळवला आणि म्हणाले, आपण आता आमच्यातल्याच.

पुढच्या वर्षी मिलिंदचं काम संपलं आणि ते दोघं आल्मेरेला मुलाजवळ राहायला गेले. जाण्यापूर्वी ताईंनी त्रीन्चेची सोय लावली. वृद्धाश्रमातून शेजारी-शेजारी बसायची दोन सीटची सायकल मिळवली, कारण सायकलला पूल मोकळा होता. चर्चमध्ये जाऊन बायका गोळा केल्या आणि कोणत्या महिन्यात कोण त्रीन्चेला सायकलवरून पुलाअलीकडच्या थांब्यापर्यंत आणेल, तिथून बसने हॉस्पिटलात नेईल, याची यादी करून प्रत्येकीकडून सही घेतली. मी ती यादी चर्चच्या फलकावर वाचली. क्रोमडीपमधल्या बहुतेक बायकांची नावं होती त्यात. शाळेच्या मुख्याध्यापिकेचं होतं, अध्यक्षांच्या बायकोचंसुद्धा होतं. माझं नव्हतं. त्यांनी मला विचारलंच नाही.

पूल अजून बंद आहे. अडसराच्या जागी आता खेमेन्तेने फुलांच्या मोठ्या कुंड्या ठेवल्या आहेत. छान दिसतात.

मी ताईंना शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या काही दिवस आधी. मी बसमध्ये होते, नवा ड्रायव्हर अगदी वेळेवर चालवणारा. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर समोरून ती दोन सीटची सायकल येत होती. वारा त्यांच्या तोंडावर होता. ताई तो निळा रेनकोट घालून पुढे वाकून जोर लावत होत्या आणि एकीकडे काहीतरी तावातावाने बोलत होत्या. काचेतून फक्त हलणारं तोंड दिसत होतं. शेजारी त्रीन्चे मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. तीही पॅडल मारत होती.

बसचा आवाज ऐकून त्रीन्चेने हात वर केला. आत कोण आहे हे तिला दिसणं शक्य नव्हतं. तिने बसलाच हात केला असणार. मी खिडकीशी सरकून हात हलवला.

ताईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्या समोर बघत होत्या, कारण रस्ता अरुंद होता आणि कडेला पाणी होतं.